म्हातारी लठ्ठ व्हायला हवी

भाचीने फोनवर तीन अटी सांगितल्या. म्हातारी भोपळ्यात बसायला हवी. धाकट्याने तोंडात घातली तरी काळजी नको. आणि लेकीकडे जाऊन आल्यावर ती लठ्ठ व्हायला हवी. पहिल्या दोन अटी भाचीच्या, तिसरी तिच्या लेकीची. लेक साडेचार वर्षांची, राहायला लंडनजवळ, मला ‘मावशीआजी’ म्हणते आणि ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही गोष्ट रोज रात्री ऐकल्याशिवाय झोपत नाही. गोष्टीतली म्हातारी वाघाला सांगते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा.’ बाहुली जर गोष्टभर तेवढीच बारीक राहणार असेल, तर या बाईंना ती नकोच होती. फसवणूक झालेल्या वाघाची बाजू तिला पटत असावी.

मी घरी मऊ खेळणी शिवते. दुकान नाही, पण नात्यागोत्यातली आणि ओळखीपाळखीची पोरं बरीच आहेत. कार्टूनमधली पात्रं शिवून झालीत. त्यांचं काम एका अर्थी सोपं असतं. समोरून, बाजूने, मागून चित्रं मिळतात, रंग ठरलेले असतात, डोळ्यांतलं अंतर पडद्यावर पट्टी ठेवून मोजता येतं. भोपळ्यातल्या म्हातारीचं तसं नाही. पुस्तकांत तिची चित्रं आहेत, पण प्रत्येक चित्रकाराची म्हातारी निराळी. शिवाय ज्यांनी गोष्ट आधी ऐकली त्यांच्या डोक्यात पुस्तक हातात येण्याआधीच कुणीतरी बसलेलं असतं. घरात विचारून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, ‘काळीसावळी, कमरेत वाकलेली, हातात काठी.’ नवऱ्याच्या म्हातारीला चष्मा होता. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीने ‘पांढरी साडी ना?’ असं विचारलं. माझी स्वतःची म्हातारी चांगली उंच आहे, कारण मला गोष्ट सांगणारी आत्याआजी उंच होती. सांगणाऱ्याला यातलं काहीच सांगावं लागत नाही. ‘एक होती म्हातारी’ म्हटलं की गोष्ट जंगलाच्या वाटेला लागते. कात्री हातात घेणाऱ्याला मात्र नाकाची रुंदी सेंटिमीटरमध्ये ठरवावी लागते.

सगळ्यात आधी अडलं ते भोपळ्यावर. भाचीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: नारिंगी, चकचकीत, वर हिरवा देठ. हा तिकडचा भोपळा, ऑक्टोबरात दारोदार डोळे-तोंड कोरून ठेवतात तो. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, वेगळ्या जातीचा. तिकडचा नारिंगी भोपळा शास्त्रज्ञांच्या वहीत ‘कुकुर्बिटा पेपो’, आपला ‘कुकुर्बिटा मोशाटा’. आपल्याचं लाल-नारिंगीपण सगळं पोटात असतं. बाहेरून तो मातकट हिरवा, कुठे पिवळसर, अंगावर फिकट ठिपके आणि वर राखेचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी छटा. मंडईत फोड कापून ठेवतात ती गिऱ्हाइकाला आतला रंग दिसावा म्हणून. मी भाचीला म्हटलं, म्हातारी मराठी बोलणार असेल तर भोपळाही मंडईतला असू दे. ती म्हणाली, ‘अगं मावशी, पण हिला तो भोपळा वाटणारच नाही.’ तोडगा कापडातच सापडला. बाहेरून मेंदी रंगाचा, अस्तर नारिंगी. झाकण उघडलं की आत तिचा भोपळा, बंद केलं की माझा.

कापडासाठी रविवार पेठेत गेले. फरच्या कापडाचे तागे ठेवणारी तिथे मोजकीच दुकानं आहेत. लांब केसांची फर अस्वलाला ठीक, भोपळ्याला तोकड्या लवेचं कापड लागतं. दुकानदार त्याला वेलबोआ म्हणतात. कुणी सगळ्यालाच मिंकी म्हणतात. नावावर जाऊ नये, बोट फिरवून बघावं. लव दोन-तीन मिलिमीटरची हवी आणि उलट्या बाजूची वीण घट्ट हवी. कापड दोन्ही हातांनी ताणलं की विणीतून उजेड दिसत असेल, तर भरताना तिथूनच फायबर, म्हणजे खेळण्यात भरायचा कृत्रिम कापूस, डोकावणार. पन्हा मोठा असतो, साठ इंचाच्या आसपास, त्यामुळे एक मीटरमध्ये भोपळा आरामात बसतो. मेंदी रंग मिळाला. ठिपक्यांसाठी बदामी रंगाचं पाव मीटर घेतलं. पाव मीटर मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे जे पाहिलं त्याची आता सवय झाली आहे.

गोल वस्तू सपाट कापडातून काढायची तर तिच्या फोडी कराव्या लागतात. भोपळ्याला त्या निसर्गतःच असतात, हे बरं. व्यास ३० सेंटिमीटर ठरवला. परीघ साधारण ९४, आठ फोडी केल्या तर प्रत्येकीची मधली रुंदी पावणेबारा सेंटिमीटर. पूर्ण गोल चेंडूसाठी फोड काढताना एक सोपं गणित लक्षात ठेवते: मध्यापासून टोकाकडे दोन-तृतीयांश गेलं की रुंदी बरोबर निम्मी व्हायला हवी. कडेची रेघ सरळ आली तर चेंडूचा भोवरा होतो. आमचा भोपळा बसका, उंची २४, म्हणून फोडीची देठापासून बुडापर्यंतची लांबी साडेबेचाळीसच्या जवळ आली. आधी मांजरपाटावर आखून, लांब टीप मारून कच्चा नमुना केला. फर कापायला घेण्याआधी मी हे नेहमी करते. मांजरपाट स्वस्त असतो, उसवता येतो आणि त्यावर पेनने लिहिता येतं.

हा भोपळा पोकळ हवा होता आणि तरी बसकण न मारता उभा राहायला हवा होता. स्पंजचा थर घातला तर तो कडक होतो, कडांना मोडतो आणि धुतल्यावर दिवसेंदिवस वाळत नाही. म्हणून बाहेरची फोड मोठी कापली, मध्यावर १५ सेंटिमीटर, आणि अस्तराची फोड लहान. बाहेरचे आठ तुकडे एकमेकांना जोडले, अस्तराचे आठ वेगळे जोडले, मग एकात एक घालून शिवणीवर शिवण ठेवून पुन्हा टीप मारली. प्रत्येक फोडीची अशी एक लांबट पिशवी झाली, बुडाशी उघडी. तिच्यात फायबर भरलं की बाहेरची बाजू फुगते, आतली ताणून बसते, आणि दोन फोडींच्या मध्ये आपोआप खाच पडते. भिंत चार सेंटिमीटर जाडीची झाली आणि कशाच्याही आधाराशिवाय उभी राहिली. एवढा वेळ मी खाचा पाडायला दोरे खेचून बांधण्याच्या विचारात होते. त्याची गरजच उरली नाही.

फर कापण्याबद्दल थोडं सांगते, कारण नवीन शिवणाऱ्यांचं कापड इथेच वाया जातं. तळहात फिरवून लवेची दिशा पाहायची. हात जिकडे मऊ सरकतो तिकडे उलट्या बाजूने बाण काढायचे. सगळ्या फोडींचे बाण खाली, बुडाकडे. एखादी उलटी लागली तर रंग तोच असून ती फोड वेगळी, काळपट दिसते, आणि शिवल्यावर त्यावर उपाय नाही. कापड दुहेरी घडी घालून कापायचं नाही. उलट्या बाजूवर आखायचं, कात्रीचं फक्त टोक विणीखालून सरकवायचं आणि लव न कापता मागचं कापड तेवढं कापायचं. शिवताना लव आत ढकलून टाचण्या लावायच्या. तरीही पायमशीनचा दाब वरचा थर पुढे ढकलतोच, म्हणून मी आधी हाताने धावदोरा घालते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. सुई सोळा नंबरची, टीप थोडी लांब. शिवून झालं की सुलट बाजूने शिवणीत अडकलेली लव सुईच्या टोकाने उचकटून बाहेर काढायची. मग जोड दिसत नाही. या सगळ्यात घरभर जे मेंदी रंगाचं उडतं ते ताटापर्यंत पोचतं. नाकाला रुमाल बांधावाच.

झाकणासाठी भाचीला चेन हवी होती. चेनमध्ये लव अडकते आणि दोन दिवसांत पोरं ती तोडतात. वेल्क्रो म्हातारीचे केस ओढणार. चुंबक अनेक जण सुचवतात, दिसायलाही छान. पण शिवण उसवून दोन चुंबक बाळाच्या पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं चिमटतं. धाकटा एक वर्षाचा आहे. चुंबक माझ्या घरात खेळण्यासाठी येत नाही. शेवटी देठापासून कापडाचा एक वेल काढला, जेमतेम वीतभर, टोकाला पानाचा आकार. पान समोरच्या फोडीवरच्या फितीत ओवायचं की झाकण बसलं. एक बाजू फोडीलाच शिवलेली, त्यामुळे झाकण हरवत नाही.

आता टुणुक टुणुकचं काय? ही म्हातारी आपली एकटीची नाही. बंगालमध्ये ती दुधी भोपळ्यात बसते, इराणमध्ये लाल भोपळ्यात, आणि दोन्हीकडे ते भोपळे गडगडत जातात. उड्या मारणारा आपलाच. शिवायच्या दृष्टीने गडगडणारा भोपळा सोपा: गोल करा, सोडून द्या. उडी मारायची तर बुडाशी काहीतरी हवं. गादीवाल्याकडून चांगल्या घट्ट स्पंजची दोन इंची चकती कापून आणली, ती वेगळ्या पिशवीत घालून बुडाच्या गोलात बसवली. धुताना काढता येते. वरून सोडला तर भोपळा एकदा उसळी घेतो, फार नाही. बाकीच्या उड्या मारणाऱ्या हाताने मारायच्या. त्यासाठी देठालाच मूठ मावेल असं कडं केलं. खुळखुळा घालावा का, असं नवरा म्हणाला. नको. ‘टुणुक टुणुक’ हे तोंडाने म्हणण्यातच सगळी मजा आहे.

भोपळ्यापर्यंत सगळं गणितात होतं. म्हातारीशी खरी गाठ पुढे होती.

लठ्ठ व्हायचं तर पोट ताणलं जाणारं हवं आणि त्यात काहीतरी जायला हवं. पाठीला खिसा करून त्यात उशी कोंबणं हा सरळ मार्ग होता. पण ती म्हणते तूपरोटी खाईन. मग खाऊ दे की! तोंडातूनच आत जाऊ दे. म्हातारीचं तोंड म्हणजे बोळकं, दात काढायचा प्रश्न नाही. मी तोंडाला पाच सेंटिमीटरची चीर दिली आणि तिथून गळ्यातून पोटापर्यंत कापडाची नळी सोडली. नळी गुळगुळीत अस्तराच्या कापडाची, म्हणजे रोटी घसरावी. पण डोक्यात फायबर भरलं की ते चारी बाजूंनी नळीला दाबतं आणि घास गळ्यात अडकतो. कॉलरला घालतात तो बकरम नळीभोवती गुंडाळला, तेव्हा ती गोल राहिली. डोक्यात फायबर फक्त गालांत आणि मागच्या बाजूला ठेवलं. एवढी रुंद नळी जायची म्हणून मान जवळजवळ नाहीच. पदर डोक्यावरून घेतला की कुणाला कळत नाही. पाठीचा कणा आणि खांदे घट्ट भरलेले, पुढचं पोट मात्र रिकामं, बनियनच्या कापडाचं, दोन्ही बाजूंना ताणणारं. रोट्या नसल्या की ते आत बसतं आणि म्हातारी हडकुळी दिसते.

खाल्लेल्या रोट्या बाहेर कुठून काढायच्या हा पुढचा प्रश्न. शिवायला सोयीची जागा म्हणजे खाली, मागे. भाची फोनवर किंचाळली. ‘मावशी, नाही हं! ती साडेचार वर्षांची आहे. मग तिला दुसरं काहीच सुचणार नाही.’ बरोबर होतं तिचं. रोट्या काढायची वाट पाठीवर, पदराखाली नेली. उशीच्या अभ्र्याला असते तशी एकावर एक येणारी दोन पाखं, ना बटण ना चेन.

रोट्या फ्लीसच्या केल्या, दुहेरी, आत किंचित भरण, वर तपकिरी धाग्याने भाजल्याचे डाग. तुपासाठी मध्ये एक पिवळा ठिपका भरला. आकार सहा सेंटिमीटर, दुमडून तोंडात जाईल असा. लहान खेळणी शिवताना मी एक माप डोक्यात ठेवते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तिरक्या तळाचं एक नळकांडं वापरतात. न दाबता त्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो तो बाळाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. रोटी त्याच्या जवळपास दुप्पट आहे. डोळ्यांनाही हाच न्याय. मागे वॉशर बसवलेले प्लास्टिकचे डोळे छान चमकतात, पण ताणणाऱ्या कापडातून ते वॉशरसकट निघताना मी पाहिले आहेत. या बाहुलीवर कठीण काहीच नाही. काठीसुद्धा कॅनव्हासची घट्ट सुरळी करून, वरून आडवे टाके घालून केली आहे. आमच्या इमारतीतल्या काकू नेहमी म्हणतात, ‘एवढं करतेस, विकायला का काढत नाहीस?’ १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण ती नोंदणी, ते कागद मला झेपणारे नाहीत. भाचीला शिवून देण्यात मला पुरेसा उद्योग मिळतो.

चेहरा शेवटी करायचा, असा माझा नियम आहे. धड तयार झालं की ते कुणाचं आहे याचा थोडा अंदाज येतो. टाचण्यांना काळे मणी लावून मी डोळे इकडेतिकडे सरकवत बसते. डोळे खाली आणि लांब लांब ठेवले की कुठलाही चेहरा गोड दिसतो. मोठं कपाळ, खाली मोठे डोळे, फुगीर गाल दिसले की माणसाला जवळ घ्यावंसं वाटतं, हे कोनराड लोरेंझ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्येच मांडलं होतं. खेळणी करणारे सगळे त्यावरच जगतात. पण ते गोडपण बाळाचं असतं. डोळे खाली नेले की माझी म्हातारी पांढरे केस चिकटवलेलं तान्हं बाळ दिसायला लागे. वर, चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर आणले की वय येई, पण नजर करडी होई. मग डोळे मध्यावर ठेवले आणि अर्धे मिटवले. वरच्या पापणीची एक जाड ओळ उलट्या टिपेने भरली, खाली काळ्या रंगाचा अर्धाच गोल, त्यात पांढरा टाका एकच. वाघाला थापा मारून निसटलेली बाई आहे. तिचे डोळे थोडे मिचकावलेलेच असणार. हे जमलं त्या रात्री मी तिला टेबलावर ठेवून तिच्याशी मोठ्याने बोलले, आणि आतून नवऱ्याने ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं.

सुरकुत्या सुईने खेचून काढल्या. लांब सुई, म्हणजे माझ्याकडचं बारीक दाभण, जाड दोरा ओवून डोळ्याच्या कोपऱ्यात घालायचं, डोक्याच्या मागे केसांखाली काढायचं, ओढायचं, गाठ मारायची. ओढ एका मिलिमीटरने वाढली तरी भाव बदलतो. गालाखाली दोन, डोळ्यांच्या कडेला दोन-दोन, बस. सुरकुत्या भरपूर घालायचा मोह होतो आणि मग बाहुली आजारी दिसू लागते.

कपाळावरून मात्र घरात सभा झाली. भाचीला कुंकू हवं होतं, लाल, मोठं. सासूबाई भोपळ्याचं झाकण उघडबंद करत म्हणाल्या, ‘अगं, हिचा म्हातारा कुठे आहे गोष्टीत? एकटीच तर राहते.’ आमच्या लहानपणच्या कित्येक गोष्टींतल्या म्हाताऱ्या एकट्याच राहतात आणि त्या एकट्या का, हे कुणी विचारत नाही. कुंकू लावलं तर मी तिला नवरा दिला. कपाळ मोकळं ठेवलं तर मी तो नेला. शंभर वर्षांमागची एकटी म्हातारी म्हटल्यावर पुढे साडीचा रंगही त्याच हिशोबाने ठरला असता, आणि ते चार वर्षांच्या मुलीच्या हातात मला द्यायचं नव्हतं. सासूबाईंनीच वाट काढली. ‘गोंदण कर. माझ्या आईला होतं. ते मरेपर्यंत कुणी पुसत नाही.’ हिरव्या धाग्याच्या एका पदराने कपाळावर मधोमध एक ठिपका आणि हनुवटीवर तीन भरले. गाठीचा टाका घातला नाही, तो वर येतो आणि टिकलीसारखा दिसतो. साधे आडवे टाके, कापडात बुडलेले. माझ्या मते सगळ्या बाहुलीत नीट उतरलेली गोष्ट हीच.

नऊवारीचं गणित गमतीचं आहे. बाहुली २५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटी बाईच्या साधारण सहावा हिस्सा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचा सहावा हिस्सा १३७ सेंटिमीटर. त्या मापाने मऊ सुती कापडाची पट्टी कापून नेसवली तर म्हातारी रोटी न खाताच लठ्ठ झाली. लांबी-रुंदी सहाने भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही. निऱ्यांचा कमरेशी गठ्ठा होतो. मग मलमल घेतलं आणि लांबी जवळजवळ निम्मी केली. निऱ्या मोजक्या, त्याही आतून कापून हलक्या केलेल्या, आणि काठाच्या जागी एक सेंटिमीटरची तयार लेस. काष्टा खरा खोचलेला दिसतो, पण सगळं शिवलेलं आहे, आणि कमरेला रबर. पोट वाढलं की साडीही वाढायला हवी ना. नऊवारीचा एक फायदा भोपळ्यात बसवताना कळला: काष्ट्यामुळे पाय वेगळे राहतात, गुडघे दुमडून म्हातारी छान उकिडवी बसते. रंग हिरवा घ्यावा म्हटलं तर भोपळ्यात हरवते, म्हणून जांभळा. चोळी खणाच्या उरलेल्या तुकड्याची. वर केसांचा पांढरा अंबाडा लोकरीचा केला नाही, लोकर बाळाच्या तोंडात येते. पांढऱ्या फ्लीसची पट्टी गुंडाळून चारी बाजूंनी शिवून टाकली.

पोट भरून पाहण्याचा कार्यक्रम सासूबाईंनी केला. एकेक रोटी दुमडून तोंडात घालायच्या आणि ‘अजून एक घे गं’ म्हणायच्या. बारा रोट्यांत पोट चांगलंच सुटलं, पदर तिरका झाला, आणि ती भोपळ्यात गेली. झाकण मात्र जरा दाबून लावावं लागतं. ते तसंच ठेवलं. लेकीकडून परत येणाऱ्या बाईचं झाकण सहज लागलं तर तूप कमी पडलं म्हणायचं.

वाघ आणि कोल्हा उरलेल्या तुकड्यांतून बोटात घालायचे केले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाघाचे पट्टे कापडी रंगाने ओढले, एवढंच.

भाचीचे सासरे-सासू तिकडे निघाले होते, त्यांच्याबरोबर पाठवायचं ठरलं. त्यांची बॅग आधीच भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांनी भरलेली, आणि तीस सेंटिमीटरचा पोकळ भोपळा बघून दोघांचेही चेहरे उतरले. मग विहीणबाईंनी झाकण उघडून पाहिलं. मसाल्याची पाकिटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून भोपळ्यात गेली, म्हातारी त्यांच्या हातातल्या पिशवीत बसून गेली. मसाल्याचा वास बरेच दिवस राहिला म्हणे. धुवायची सूचना मी लिहून दिली होती: बुडाची स्पंजची चकती काढायची, गार पाण्यात बुडवून दाबायचं, पिळायचं नाही, उन्हात उलटं टांगायचं, लव वाळल्यावर मऊ ब्रशने वर करायची. इस्त्री अजिबात नाही. पॉलिस्टरची लव वितळून चिकटते. ऊन कुठून आणू, असं भाचीने विचारलं.

व्हिडिओ कॉलवर पहिल्याच दिवशी बाराच्या बारा रोट्या पोटात गेल्या. मग एक मोजा गेला. मग धाकट्याचं लाळेरं. वाघ दोन मिनिटांत फसला आणि सोफ्याखाली गेला. भोपळ्याच्या बाहेरच्या रंगाबद्दल ती काहीच बोलली नाही. झाकण उघडल्यावर ‘हा पिकलाय’ म्हणाली. त्यानंतर म्हातारीला भोपळ्यात घालून, खोलीभर टुणुक टुणुक करत ती पलंगाच्या कडेला पोचली आणि थांबली. फोनच्या जवळ येऊन विचारलं, ‘मावशीआजी, पण लेक कुठेय?’

गोष्टीत सगळे लेकीकडेच निघालेले असतात. रोटी करते ती, तूप वाढते ती, आईला भोपळ्यात बसवण्याची युक्तीही माझ्या आत्याआजीच्या गोष्टीत तिचीच होती. आणि ती दिसते कशी, हे याही वेळी कुणी सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात पाचवारी नेसव. भाची म्हणते पंजाबी ड्रेस, शिवायला सोपा. चिमुरडीचं म्हणणं, लेक जीन्स घालते, तिचे केस तोकडे आहेत आणि ती ऑफिसला जाते. तूप ती संध्याकाळी आल्यावर वाढते. जीन्सचं कापड एवढ्या लहान मापात वळत नाही. नवऱ्याचा एक जुना निळा कॉटनचा शर्ट मी बाजूला काढून ठेवलाय, त्याला अजून विचारायचंय.